घाम आपला, कागद कुणाचा?

गेल्या दहा-बारा वर्षांत मध्यमवर्गीय मराठी घरांच्या बोलण्यात 'स्टार्टअप' हा शब्द चांगलाच रुळला आहे. एके काळी 'मुलगा बँकेत आहे' हे वाक्य ज्या अभिमानाने उच्चारले जाई, त्याच अभिमानाने आता 'त्याला कंपनीचे शेअर्स मिळाले आहेत' असे सांगितले जाते. स्थळे पाहताना त्या शेअर्सची किंमत वार्षिक उत्पन्नात मिळवून सांगण्यापर्यंत काही घरांची मजल गेली आहे. मात्र ते शेअर्स नेमके कोणते, ते हाती आले आहेत की यायचे आहेत, ते विकता येतात काय आणि उद्या कंपनीच विकली गेली तर त्यांचे काय होते, हे प्रश्न मुलालाही पडलेले नसतात आणि त्याच्या वडिलांनाही.

तरुणांनी उद्योगात उतरावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. १६ जानेवारी २०१६ रोजी 'स्टार्टअप इंडिया' उपक्रमाचा आरंभ झाला आणि जानेवारी २०२५पर्यंत केंद्र सरकारची मान्यता मिळालेल्या नवउद्योगांची संख्या दीड लाखाच्या पुढे गेली. बाहेरच्या गुंतवणुकीवर २०१२पासून लागू झालेला आणि नवउद्योजकांना जाचक ठरलेला 'एंजल टॅक्स' २०२४च्या अर्थसंकल्पाने रद्द केला. सरकारने दार उघडले, हे चांगलेच झाले. परंतु ज्या संगणक अभियंत्याच्या बुद्धीवर आणि जागरणांवर ही इमारत उभी राहते, तो त्या इमारतीचा मालक आहे, भाडेकरू आहे की केवळ गवंडी आहे, हे त्याला सही करण्यापूर्वी कोणी सांगत नाही. मालकीचे स्वप्न दाखवून श्रम स्वस्तात घेण्याची एक रीत या क्षेत्रात रूढ झाली आहे. तिच्याविषयी स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे.

मालकी आणि मालकीचे आश्वासन

नेमणूकपत्रात ज्याला 'ईसॉप' म्हटले जाते, तो समभाग नव्हे. ठरलेल्या किमतीला पुढे कधीतरी समभाग विकत घेण्याचा तो पर्याय असतो. तो हक्कही एकदम मिळत नाही. कंपनी कायद्याखालील २०१४च्या नियमांनुसार पर्याय दिल्यापासून किमान एक वर्ष तरी लोटावे लागते. प्रत्यक्षात बहुतेक कंपन्यांत पूर्ण हक्क पदरी पडायला चार वर्षे लागतात. अकराव्या महिन्यात नोकरी गेली, तर हाती काहीच उरत नाही. जोवर पैसे भरून तो पर्याय वापरला जात नाही, तोवर अभियंता भागधारक नसतो. त्याला मत नसते, लाभांश नसतो आणि कंपनीच्या सभेत खुर्चीही नसते.

दुसरी फसगत आकड्यांची असते. 'तुला दहा हजार शेअर्स' हे वाक्य कानाला गोड लागते. कंपनीचे एकूण समभाग दहा लाख असतील तर दहा हजार म्हणजे एक टक्का. ते दहा कोटी असतील तर एका टक्क्याचा शंभरावा भाग. म्हणून किती समभाग मिळणार, या प्रश्नाच्या पाठोपाठ 'एकूण किती?' हा प्रश्न आलाच पाहिजे. त्याचे उत्तर टाळणाऱ्या कंपनीत 'आपण सारे मालक आहोत' या वाक्याला काडीचीही किंमत नाही. एकूण धन किती हे ज्याला विचारता येत नाही, तो कसला मालक?

तिसरा प्रश्न कंपनी कोणत्या देशाची, हा आहे. भारतात काम करणाऱ्या, भारतीय ग्राहकांवर वाढणाऱ्या अनेक नवउद्योगांची मूळ कंपनी सिंगापूरला किंवा अमेरिकेतील डेलावेअर राज्यात नोंदलेली असते. बंगळुरूत वाढलेल्या फ्लिपकार्टची मूळ कंपनी सिंगापूरची होती आणि २०१८मध्ये वॉलमार्टने सुमारे १६ अब्ज डॉलर मोजून तिचे ७७ टक्के समभाग घेतले. तेथील कर्मचाऱ्यांना पैसा मिळाला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. २०२३मध्ये फोनपे वेगळी झाल्यानंतर त्यांना सुमारे ७० कोटी डॉलर देण्यात आले. पण ज्याच्या कंपनीचे भाग्य इतके उजळत नाही, त्याने परदेशी नोंदलेल्या कंपनीशी वाद घालायचा तर कोणत्या न्यायालयाची पायरी चढायची? घर परक्या गावात बांधले की परत येताना जकात द्यावी लागते, हेही दिसून आले आहे. फोनपेने २०२२मध्ये आपले मूळ ठिकाण सिंगापूरहून भारतात आणले, तेव्हा तिच्या गुंतवणूकदारांना सुमारे आठ हजार कोटी रुपये कर भरावा लागला.

पंगतीतले शेवटचे पान

कंपनी विकली गेली की आपल्या टक्क्यांप्रमाणे वाटा मिळेल, असा बहुतेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. साहसवित्त पुरवणारे गुंतवणूकदार साधे समभाग घेत नाहीत. ते प्राधान्य समभाग घेतात. विक्रीच्या वेळी त्यांचे मुद्दल आधी परत करायचे आणि उरले तर इतरांना वाढायचे, अशी अट करारात घातलेली असते. पंगत एकच असते, पण पाने वेगवेगळ्या वेळी वाढली जातात.

हिशेब करून पाहावा. एका कंपनीत गुंतवणूकदारांनी टप्प्याटप्प्याने १०० कोटी रुपये घातले आणि त्यांच्याकडे ४० टक्के भाग आला. शेवटच्या टप्प्यात कंपनीची किंमत ४०० कोटी ठरली. अर्धा टक्का भाग असलेला अभियंता स्वतःला दोन कोटींचा धनी समजू लागतो. पुढे बाजार पडला आणि कंपनी ११० कोटींना विकली गेली. अर्ध्या टक्क्याने ५५ लाख मिळतील, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात गुंतवणूकदार आपले १०० कोटी आधी उचलतात. उरलेल्या १० कोटींत ६० टक्केवाल्यांची वाटणी होते आणि अभियंत्याच्या वाट्याला सव्वाआठ लाखांच्या आसपास रक्कम येते. त्यातूनही समभागांची खरेदी किंमत आणि कर वजा व्हायचा असतो. विक्री शंभर कोटींना झाली असती, तर त्याला शून्य मिळाले असते. यात कोणी कायदा मोडलेला नाही. सारे कागदावर लिहिलेले होते. तो कागद त्याला कोणी दाखवला नव्हता आणि त्यानेही मागितला नव्हता.

ही पद्धत ज्या अमेरिकेतून आली, तेथेही हेच घडले आहे. कॅलिफोर्नियातील 'गुड टेक्नॉलॉजी' या कंपनीची किंमत एकेकाळी एक अब्ज डॉलरच्या वर धरली जाई. २०१५मध्ये ब्लॅकबेरीने ती ४२.५ कोटी डॉलरना घेतली. कर्मचाऱ्यांच्या ज्या साध्या समभागाचा भाव पूर्वी ४ डॉलर ३२ सेंट मानला गेला होता, त्याचे त्यांना ४४ सेंट मिळाले. काहींनी तर जुन्या, फुगलेल्या भावावर कर भरून ते समभाग घेतले होते.

कंपनी बुडाली तर पंगतीचा क्रम आणखी कठोर होतो. दिवाळखोरी संहिता, २०१६च्या कलम ५३नुसार तारण असलेले धनको आणि कामगारांची चोवीस महिन्यांची देणी आधी येतात. 'कामगार' या व्याख्येत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांचे बारा महिन्यांचे वेतन त्यानंतर. साधे भागधारक सर्वांत शेवटी. थकलेल्या पगारासाठी कर्मचाऱ्याला या संहितेखाली दाद मागता येते. पण मार्च २०२०पासून त्यासाठी थकबाकीची किमान मर्यादा एक लाखावरून एक कोटी रुपये झाली. तीन महिन्यांचा पगार थकलेल्या एकट्या अभियंत्याला हा दरवाजा जवळपास बंदच आहे.

न मिळालेल्या पैशावरचा कर

आपल्याकडे ईसॉपवर दोनदा कर लागतो. पर्याय वापरून समभाग घेतला की त्या दिवशीचे मूल्य आणि भरलेली किंमत यांतला फरक पगार समजून त्यावर कर लागतो. पुढे समभाग विकला तर झालेल्या नफ्यावर भांडवली लाभ कर लागतो. दुसऱ्या कराबद्दल तक्रार नाही, कारण तेव्हा हाती पैसा आलेला असतो. पहिला कर मात्र कागदावर लागतो.

समजा, दहा हजार पर्याय प्रत्येकी ५० रुपये दराचे आहेत आणि समभागाचे मूल्य ५५० रुपये ठरले आहे. ते घेण्यासाठी पाच लाख रुपये भरावे लागतील. फरक ५० लाखांचा. पगार आधीच तीस टक्क्यांच्या श्रेणीत असेल तर कर पंधरा लाखांचा, शिवाय अधिभार व उपकर. म्हणजे वीस लाखांहून अधिक रक्कम खिशातून जाते आणि बदल्यात जो समभाग मिळतो, तो कोणत्याही बाजारात विकता येत नाही. २०२०च्या वित्त कायद्याने हा कर काही वर्षे पुढे ढकलण्याची सवलत दिली. ती सर्व मान्यताप्राप्त नवउद्योगांना नाही. करसवलतीसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र मिळालेल्या, कितीतरी थोड्या कंपन्यांपुरतीच ती आहे. शिवाय नोकरी सोडताच तीही संपते.

आणि कळीचा मुद्दा नोकरी सोडण्याचाच आहे. अनेक कंपन्यांच्या योजनांत राजीनाम्यानंतर तीन महिन्यांत पर्याय वापरावे लागतात, अन्यथा ते रद्द होतात. चार वर्षे राबलेल्या माणसाने नव्वद दिवसांत वीस लाख उभे करावेत, नाहीतर चार वर्षांवर पाणी सोडावे! गृहकर्जाचे हप्ते फेडणाऱ्या कोणत्या घराला हे परवडणार? सरकारने या पहिल्या कराचा फेरविचार करावा, ही मागणी रास्त आहे. पण सरकार बदल करीलच, या भरवशावर आजची सही करता येत नाही.

मूल्यांकनाचे मृगजळ

एक अब्ज डॉलरच्या मूल्यांकनाला 'युनिकॉर्न' असे नाव देऊन वृत्तपत्रांनी त्याचा उत्सव मांडला. मूल्यांकन म्हणजे उत्पन्न नव्हे, नफा तर नव्हेच. एका गुंतवणूकदाराने एका दिवशी थोड्याशा भागासाठी मोजलेल्या दरावरून साऱ्या कंपनीची काढलेली ती किंमत असते. २०११मध्ये स्थापन झालेल्या बायजूज या शिक्षण कंपनीची किंमत २०२२मध्ये २२ अब्ज डॉलर सांगितली जात होती. जून २०२३मध्ये तिचे लेखापरीक्षक आणि तीन संचालक बाहेर पडले आणि जुलै २०२४मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या बंगळुरू पीठाने तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई दाखल करून घेतली. कारण ठरले ते सुमारे १५८ कोटींचे क्रिकेट मंडळाचे येणे! जानेवारी २०२३मध्ये मोटार दुरुस्ती क्षेत्रातील गोमेकॅनिकच्या संस्थापकांनी हिशेबात गंभीर चुका झाल्याचे जाहीरपणे मान्य केले आणि सुमारे सत्तर टक्के कर्मचाऱ्यांना घरी पाठवले. हिशेबाच्या वह्या त्या कर्मचाऱ्यांनी लिहिल्या नव्हत्या. किंमत मात्र त्यांनी मोजली.

हे टाळता येते काय? पूर्णतः नाही; पण डोळे उघडे ठेवता येतात. प्रत्येक खासगी कंपनीला दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सादर करावे लागतात आणि शंभर रुपये भरून ते कोणालाही पाहता येतात. साठ हजारांचा फोन घेताना चार दुकाने फिरणारा तरुण आयुष्याची चार वर्षे देताना शंभर रुपये खर्च करीत नाही, हे नवल आहे. विक्री किती, तोटा किती आणि शिल्लक पैशात किती महिने निघतील, एवढे तरी पाहावेच. नोकरी लागल्यावर भविष्य निर्वाह निधीचे पासबुक दर महिन्याला तपासावे. पगारातून कापलेली रक्कम खात्यात जमा होणे थांबले, तर तो पहिला धोक्याचा कंदील असतो. एकूण पॅकेजमध्ये दाखवलेली ग्रॅच्युइटी कायम कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सेवेनंतरच मिळते, हेही ध्यानात ठेवावे.

स्वतःची कंपनी काढताना

नोकरी करता करता रात्री स्वतःच्या उत्पादनाची आज्ञावली लिहायची आणि जम बसला की राजीनामा द्यायचा, असा अनेकांचा बेत असतो. येथे कायदा जाणून घेणे अगत्याचे आहे. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १७नुसार नोकरीच्या ओघात केलेल्या निर्मितीचा पहिला मालक नोकरदार नसून मालक कंपनी असते. नेमणूकपत्रातील काही कलमे तर कार्यालयाच्या वेळेबाहेरील कामावरही हक्क सांगतात. सप्टेंबर २०२२मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी एकाच वेळी काम केल्याच्या कारणावरून ३०० जणांना काढले, हे विसरता कामा नये. कंपनीचा संगणक, कंपनीची वेळ आणि कंपनीची माहिती यांचा स्पर्शही आपल्या उत्पादनाला होऊ देऊ नये.

याउलट, 'राजीनाम्यानंतर दोन वर्षे याच क्षेत्रात काम करणार नाही' या अटीला भिऊन कित्येक जण हातपाय गाळतात. करार कायदा, १८७२च्या कलम २७नुसार व्यवसायाला असा प्रतिबंध करणारा करार निरर्थक ठरतो. मात्र ठरावीक काळ नोकरी न केल्यास भरपाई द्यावी लागेल, हा बाँड वेगळा. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडल्यास दोन लाख देण्याची अट वैध ठरवली. कोणता दोर खरा आणि कोणता रंगवलेला, हे वकिलाकडून एकदा समजून घ्यावे.

सर्वांत मोठा घोटाळा मैत्रीत होतो. एकाची कल्पना, दुसऱ्याची आज्ञावली आणि निम्मा-निम्मा भाग असे चहाच्या टपरीवर ठरते. वर्षभराने कल्पनावाला परदेशी शिकायला जातो आणि निम्मी कंपनी सोबत घेऊन जातो. संस्थापकांचा हक्कही कर्मचाऱ्यांप्रमाणे वर्षागणिक पिकत जाईल, असा करार पहिल्याच महिन्यात लेखी व्हायला हवा. बाहेरच्या मित्राकडून काही काम करून घेतले, तर त्याचा कॉपीराइट कंपनीला लेखी हस्तांतरित करून घ्यावा. अन्यथा उद्या गुंतवणूकदार विचारील, तेव्हा कंपनीच्या मालकीचे काय आहे, याचेच उत्तर नसेल. 'आमच्यात कागद कशाला?' हा प्रश्न मैत्रीचा वाटतो. मैत्री टिकावी म्हणूनच कागद लागतो.

शिवाय कंपनी काढणे सोपे झाले, बंद करणे तितके सोपे नाही. उलाढाल शून्य असली तरी लेखापरीक्षण आणि वार्षिक विवरणपत्रे चुकत नाहीत. सलग तीन वर्षे ती न भरणाऱ्या कंपन्यांचे तीन लाखांहून अधिक संचालक २०१७मध्ये अपात्र ठरवले गेले. त्यात बनावट कंपन्यांचे सूत्रधार होते, तसेच उत्साहाने कंपनी नोंदवून विसरून गेलेले भाबडेही सापडले.

जोखीम आणि अंधार

या साऱ्यावर एक ठरलेले उत्तर येते. इतके प्रश्न विचारणारा माणूस नोकरशाहीच्या लायकीचा. उद्योगाला वेड लागते, असे ते उत्तर असते. मुलाखतीत समभागांची चौकशी करणाऱ्या उमेदवाराला 'तुझ्यात तळमळ दिसत नाही' असे ऐकवले जाते. 'आम्ही एक कुटुंब आहोत' हे वाक्य तर प्रत्येक नव्या माणसाच्या स्वागताला हजर असते. पैसा संपताच दहा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर सदस्यांना घराबाहेर काढणारे हे कुटुंब कोणत्या संस्कृतीत बसते? आणि जो गुंतवणूकदार रुपया देण्यापूर्वी पन्नास पानांचा करार वकिलांकडून तपासून घेतो, त्याच्या तळमळीवर कोणी शंका घेत नाही. मग आयुष्याची उमेदीची वर्षे देणाऱ्यानेच तेवढे डोळे का मिटायचे?

धाडसाशिवाय उद्योग उभा राहत नाही, हे खरे आहे. दुसऱ्यांची कामे करून देणारा देश एवढीच आपली ओळख राहू नये, हेही खरे. परंतु जोखीम आणि अंधार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. डोंगर चढणारा जोखीम घेतो. डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला चढवणे, हा गुन्हा ठरतो.

धाडस आणि हिशेब एकत्र नांदू शकतात, याची साक्ष महाराष्ट्रातच आहे. १९८१मध्ये पुण्यात सात अभियंत्यांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस सुरू केली. पुढे ती बंगळुरूला गेली, १९९३मध्ये भांडवल बाजारात आली आणि १९९४मध्ये तिने कर्मचाऱ्यांसाठी समभाग योजना आणली. तेथे कर्मचाऱ्याला मिळालेला समभाग नफा कमावणाऱ्या आणि बाजारात दररोज भाव लागणाऱ्या कंपनीचा होता. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत असत. त्यांचे बंधू संजय यांनी संगणकातील विषाणू काढणारी प्रणाली लिहिली आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. १९९३मध्ये सुरू झालेल्या या उद्योगाने बाहेरचे मोठे भांडवल घेतले ते २०१०मध्ये. तोवर ग्राहकाचा पैसा हेच त्यांचे भांडवल होते. २०१६मध्ये कंपनी बाजारात नोंदली गेली. १९९६मध्ये सुरू झालेल्या झोहोने तर साहसवित्ताला दारातच उभे केले नाही. या मंडळींनी धाडस केले नाही, असे कोण म्हणेल?

त्यांनी पहिला ग्राहक शोधला, मग दुसरा. विक्रीतून पगार दिले आणि मालकी हातची जाऊ दिली नाही. प्रत्येकाला हाच मार्ग जमेल असे नाही. काही उत्पादनांना मोठे भांडवल लागतेच आणि ते घेण्यात कमीपणाही नाही. पण ते घेताना काय देत आहोत, हे घेणाऱ्याला कळलेच पाहिजे आणि त्याच्या शब्दावर विसंबून येणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्यालाही कळले पाहिजे. नवउद्योजक तरुणांकडून समाजाची ही किमान अपेक्षा आहे. उद्या कोणी हाताशी माणसे घेऊन कंपनी काढील, तेव्हा एकूण समभाग किती, गुंतवणूकदारांच्या अटी काय, शिल्लक पैसा किती महिन्यांचा आणि नोकरी सोडल्यास काय उरते, हे त्याने विचारण्याची वाट न पाहता सांगावे. जो सांगतो, त्याच्याकडे निम्म्या पगारावरही खुशाल जावे. वर्षभराचा घरखर्च गाठीला ठेवून जावे. जो सांगत नाही, त्याच्याकडे पगार रोख घ्यावा आणि मालकीच्या गप्पा हिशेबात धरू नयेत.

आईवडिलांचेही येथे कर्तव्य आहे. 'धोका नको' म्हणून मुलाचे पाय बांधणे जितके चूक, तितकेच शेअर्सचे आकडे ऐकून हुरळून जाणेही चूक. मुलगा वा मुलगी करार घेऊन घरी येईल, तेव्हा पेढे वाटण्याआधी तो कागद सर्वांनी मिळून एकदा शेवटच्या पानापर्यंत वाचावा. घाम आपला असेल, तर त्या कागदावर आपला हक्क किती, हे विचारण्यात संकोच कसला?